खलिफा नव्हे, मोक्याच्या गाळ्याचा मालक

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुर्कस्तानबद्दलचा तो फॉरवर्ड परवा तिसऱ्यांदा आला, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू. पहिल्यांदा आला होता मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या धामधुमीत. तेव्हाचा संताप समजण्यासारखा होता. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने छत्तीस ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन सोडले. दुसऱ्या दिवशी कर्नल सोफिया कुरेशी यांनी सांगितलं की अवशेषांच्या प्राथमिक तपासणीवरून हे तुर्कस्तानचे ‘सोंगार’ ड्रोन दिसतात. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात, आपली एनडीआरएफची पथकं आणि लष्कराचं फील्ड हॉस्पिटल त्याच देशात ढिगाऱ्यांमध्ये राबत होतं. राग मलाही आला. अजून आहे.

पण फॉरवर्ड राग व्यक्त करून थांबत नाही, तो ज्ञान देतो. त्यातले पाच मुद्दे, भडक विशेषणं आणि हात जोडलेल्या इमोजी वगळून, असे: एक, तुर्कस्तानचं परराष्ट्र धोरण म्हणजे निव्वळ धर्म, तिथल्या अध्यक्ष अर्दोआनला खलिफा व्हायचंय. दोन, शंभर वर्षांचा लोझान करार २०२३ मध्ये संपला, त्यामुळे आता ते बॉस्फरसच्या सामुद्रधुनीवर टोल लावणार आणि इतके दिवस बंदी असलेलं तेल काढणार. तीन, हा देश नेटोतला घरभेदी आहे, पुतिनच्या खिशातला. चार, तो भारताचा जन्मजात वैरी आहे. पाच, आपण त्यांची सफरचंदं आणि सहली बंद केल्या की महिन्याभरात गुडघ्यावर येतील.

शेवटी अर्थातच ‘खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा’.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करतो. बाकीच्या चारांत कुठे ना कुठे कणभर तरी तथ्य आहे, हा मात्र धादांत खोटा आहे.

लोझानचा तह २४ जुलै १९२३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. त्यात १४३ कलमं आहेत, सगळी छापील, कुणीही वाचावीत. मुदत संपण्याचं कलम त्यात नाही, गुप्त जोडपत्रही नाही. या तहाने आजच्या तुर्कस्तानच्या बहुतेक सीमा ठरल्या. तो ‘संपला’ तर सगळ्यात आधी घाम अंकारालाच, म्हणजे तुर्की सरकारलाच, फुटेल. मौज अशी की ही अफवा मूळ आपली नाहीच. ती खुद्द तुर्कस्तानात आणि नंतर पाकिस्तानात वर्षानुवर्षं फिरली, ‘२०२३ आलं की आपण मोकळे’ अशी. तिकडे ती आशा म्हणून फिरली, आपल्याकडे भीती म्हणून. मजकूर तोच.

तेलाचं म्हणाल तर बातमानजवळ रामानच्या डोंगरात त्यांना १९४० मध्येच तेल लागलं आणि ते तेव्हापासून उपसताहेत. काळ्या समुद्रात साकार्या नावाचं वायूचं क्षेत्र २०२० मध्ये सापडलं, एप्रिल २०२३ मध्ये तो वायू किनाऱ्यावर आला. बंदी बिंदी काही नव्हती, होतं ते एवढंच की जमिनीखाली फारसं तेल नाही.

राहिला बॉस्फरस. इथे जरा थांबतो, कारण खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा जास्त रंजक आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं इस्तंबूलला गेलो होतो. एमिनोन्यूच्या धक्क्यावरून उस्कुदारला जाणारी फेरीबोट पकडली, युरोपातून आशियात, वीसेक मिनिटांत. हातात कमरेशी बारीक असलेला चहाचा पेला, बिनदुधाचा. मध्येच आमच्या बोटीचा वेग मंदावला. समोरून एक तेलवाहू जहाज येत होतं, आमच्या सोसायटीच्या दोन्ही इमारती आडव्या टाकल्या तरी पुरणार नाहीत एवढं लांब. दोन्ही काठांना लोक गळ टाकून बसलेले, खिडक्यांत कपडे वाळत घातलेले आणि मधून हे धूड मुंगीच्या पावलाने सरकतंय. पुढे सामुद्रधुनी आणखी अरुंद होते, एका ठिकाणी तर जेमतेम सातशे मीटर. काळ्या समुद्रातून बाहेर पडायला रशिया, युक्रेन, रोमानिया, बल्गेरिया, जॉर्जिया या सगळ्यांना समुद्रमार्ग हा एवढाच.

या वाटेचे नियम लोझानने नाही, २० जुलै १९३६ च्या माँत्रो कराराने ठरलेत. व्यापारी जहाजांना शांततेच्या काळात मुक्त प्रवेश. पण दीपगृह, जीवरक्षण, आरोग्य तपासणी यांचं शुल्क तुर्कस्तान घेतोच, जहाजाच्या टनाच्या हिशोबाने आणि तेही ‘सोन्याच्या फ्रँक’ या इतिहासजमा चलनात मोजून. वर्षानुवर्षं त्यांनी त्या फ्रँकचा भाव मुद्दाम उतरवून धरला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो वाढवून शुल्क एका फटक्यात टनामागे सुमारे ८० सेंटवरून ४ डॉलरवर नेला. पाचपट! कुठलाही करार न मोडता, कुठलंही गुप्त कलम न उघडता. फॉरवर्डवाल्यांना टोल हवा होता ना, तो हा. पण तो करार संपल्यामुळे नाही, करार चालू असल्यामुळे मिळतो.

शुल्क ही तरी चिल्लर आहे. खरा ऐवज एकोणिसाव्या कलमात. युद्ध चालू असेल आणि तुर्कस्तान त्यात नसेल, तर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना ही वाट बंद, आपल्या तळावर परतणाऱ्या तेवढ्या सोडून. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि चार दिवसांत अंकाराने हे कलम लावलं. रशियाच्या ‘वर्याग’ आणि ‘मार्शल उस्तिनोव’ या मोठ्या क्रूझर भूमध्य समुद्रातच राहिल्या. एप्रिलमध्ये त्याच जातीची ‘मोस्क्वा’ बुडाली, तरी तिच्या जागी दुसरी आत आणता आली नाही. आणि त्याच वेळी अंकाराने काळ्या समुद्राला किनारा नसलेल्यांनाही सांगितलं की तुमच्याही युद्धनौका पाठवू नका. म्हणजे अमेरिकेलाही. दोन्ही बाजूंना एकाच दाराबाहेर उभं केलं आणि किल्ली खिशात ठेवली.

हे पाहिल्यावर पहिल्या मुद्द्याकडे वळू.

तुर्कस्तानचं धोरण म्हणजे फक्त धर्म? खिलाफत वाचवा म्हणून १९१९ पासून आंदोलन झालं ते हिंदुस्थानात. आणि खिलाफत मोडली कुणी? अंकाराच्या संसदेने, ३ मार्च १९२४ रोजी, आपल्या हातांनी. शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद देशाबाहेर गेला. त्याची मुलगी दुर्रूशेहवार १९३१ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाची बायको झाली आणि त्या सोयरिकीतून या खलिफासाठी एक मकबरा बांधला गेला, कुठे, तर आपल्या खुलताबादला. औरंगजेबाच्या कबरीवरून भांडणारे बरेच आहेत, ही दुसरी इमारत त्यांच्या गावीही नसते. ती रिकामी आहे. खलिफा पॅरिसमध्ये वारला आणि अखेर मदिनेत दफन झाला.

बरं, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आताचं बोला, असं कुणी म्हणेल. आताचंच घ्या. ज्यांच्याशी तुर्की लष्कर १९८४ पासून लढत आलं, ज्या लढ्यात चाळीस हजारांच्या आसपास माणसं मेली, ते तुर्कस्तान, सीरिया, इराकमध्ये विखुरलेले कुर्द बहुसंख्य सुन्नी मुसलमानच. सीरिया आणि इराकमध्ये तुर्की सैन्य का घुसतं याचं उत्तर खिलाफतीत शोधलं तर काहीच हाती लागत नाही, कुर्द प्रश्नात शोधलं तर बरंच लागतं. २०२० मध्ये आर्मेनियाविरुद्ध अझरबैजानला ड्रोन दिले. अझरबैजान शियाबहुल आहे. शेजारचा शिया इराण मात्र आर्मेनियाशी गोडीगुलाबीने वागतो. इथे पंथ कुठे बसवायचा? भाषेचं नातं आणि बाकूहून जेहान बंदरापर्यंत येणारी तेलवाहिनी बसवा, चित्र लगेच जुळतं. इस्रायलला मान्यता देणारा पहिला मुस्लिमबहुल देश तुर्कस्तान, मार्च १९४९.

आणि खशोगी. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या सौदी पत्रकाराचा खून इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत झाला. अर्दोआन यांनी महिनोन्‌महिने सौदी राजवटीला सोलून काढलं. मग तुर्की चलन लीरा घसरला, महागाई २०२२ मध्ये ऐंशी टक्क्यांच्या वर गेली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तुर्की न्यायालयाने तो खटला सौदीकडे सोपवला, महिना संपायच्या आत अर्दोआन जेद्दाला गेले आणि पुढच्या मार्चमध्ये सौदीने तुर्की मध्यवर्ती बँकेत ५ अब्ज डॉलर ठेवले. यात तत्त्व शोधू नका. श्रद्धाही शोधू नका.

धर्म तिथे नाहीच, असं मात्र मी म्हणणार नाही. इस्तंबूलच्या हागिया सोफिया संग्रहालयाची २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली, हमासला अंकारात मान मिळतो, गाझावरून मे २०२४ मध्ये इस्रायलशी व्यापार थांबवला. अर्दोआन यांचा मतदार श्रद्धाळू आहे आणि त्यांची स्वतःची घडणही तशीच. पण चीनमधल्या उइघुरांच्या बाबतीत बघा. २००९ मध्ये उरुमचीतल्या हिंसाचाराला हेच गृहस्थ जवळजवळ वंशसंहार म्हणाले होते. चीनची गुंतवणूक यायला लागली तसा आवाज बारीक होत गेला. उइघुर मुसलमान आहेत आणि भाषेनेही तुर्कांचे चुलत भाऊ. तरीही.

तिसरा मुद्दा, घरभेदी. नेटोत हा देश फेब्रुवारी १९५२ मध्ये आला, त्याआधी कोरियात आपली ब्रिगेड रक्तबंबाळ करून घेऊन. मग १९६४ मध्ये, ग्रीक आणि तुर्क दोघांची वस्ती असलेल्या सायप्रस बेटावरून, अमेरिकी अध्यक्ष जॉन्सन यांनी एक पत्र लिहिलं, तुम्ही सायप्रसमध्ये उतरलात आणि रशियाने तुमच्यावर हल्ला केला तर नेटो धावून येईलच असं समजू नका, अशा आशयाचं. ते पत्र तिथे अजून कुणी विसरलेलं नाही. दहा वर्षांनी, २० जुलै १९७४ रोजी, ते उतरलेच. अमेरिकेने १९७५ मध्ये शस्त्रबंदी लादली. आणि त्याच वर्षी अंकारात आसेलसान ही शस्त्रकंपनी उभी राहिली, कारण परक्याच्या रेडिओवर आपलं सैन्य चालवणं धोक्याचं आहे हे पुरतं कळलं होतं. आज ज्या तुर्की ड्रोनचा जगभर बोलबाला आहे, त्या सगळ्या उद्योगाचं मूळ त्या बंदीत आहे. आपल्याला हे ओळखीचं वाटायला हरकत नाही. अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने आपल्याला न दिलेल्या क्रायोजेनिक रॉकेट इंजिनांच्या तंत्रज्ञानाची आठवण काढा.

मार्च २००३ मध्ये अमेरिकेला इराकवर उत्तरेकडून चाल करायला तुर्की जमीन हवी होती. संसदेत ठरावाच्या बाजूने २६४ मतं पडली, विरोधात २५०, तटस्थ १९. आवश्यक बहुमताला तीन मतं कमी, ठराव पडला. हे पुतिनच्या सांगण्यावरून झालं काय?

पुतिनच्या खिशातला देश रशियाचं लढाऊ विमान पाडत नाही. यांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये पाडलं. लिबियात आणि सीरियात दोघं एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना होते. क्रिमिया रशियाचा, हे अंकाराने कधी मान्य केलं नाही. युक्रेनला बायराक्तार ड्रोन युद्धाच्या कितीतरी आधीपासून विकले. आणि तरीही याच देशाने रशियाकडून एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घेतली, त्यापायी अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानाच्या कार्यक्रमातून हकालपट्टी ओढवून घेतली, अक्कुयूचा अणुऊर्जा प्रकल्प रशियन कंपनीला दिला आणि रशियावरच्या निर्बंधांत सामील व्हायला साफ नकार दिला. जुलै २०२२ मध्ये युक्रेनचं धान्य बाहेर काढायचा करार इस्तंबूलच्या दोल्माबाहचे महालात झाला तो यामुळेच. दोघांशी बोलू शकणारा आणि दारावर बसलेला असा दुसरा कुणी नव्हता. तो करार वर्षभर टिकला, जवळजवळ ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडलं.

स्वीडनचं नेटो-प्रकरण तर घासाघीस कशी करावी याचा वस्तुपाठ. वीस महिने अडवून धरलं. कधी कुर्दांना आश्रय देता म्हणून, कधी कुराण जाळलं म्हणून, कधी नुसतंच. २३ जानेवारी २०२४ रोजी अंकाराच्या संसदेने मंजुरी दिली आणि तीन दिवसांत अमेरिकेने २३ अब्ज डॉलरच्या एफ-१६ विक्रीला हिरवा कंदील दाखवला. आमच्या मार्केट यार्डात दाराजवळच्या गाळ्याचा मालक भाव पाडून मागणाऱ्याकडे बघतसुद्धा नाही. त्याला ठाऊक असतं, फिरून इथेच येणार. हा देश तसा आहे. घरभेदी म्हणा, लोभी म्हणा, पण ‘खिशातला’ हा शब्द कुठल्याच बाजूने लागू होत नाही.

मार्केट यार्डाचा विषय निघालाच आहे तर पाचवा मुद्दा इथेच उरकू. माझा एक मित्र तिथे फळांचा आडतदार आहे. मे २०२५ मध्ये पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद उतरवायचं नाही असं ठरवलं, त्यात तोही होता आणि मनापासून होता. मी त्या आठवड्यात गाळ्यावर गेलो तर एक किरकोळ विक्रेता शिल्लक पेटीतल्या एकेका फळावरचा स्टिकर अंगठ्याच्या नखाने खरवडून काढत होता. स्टिकर गेला की सफरचंदाला देश उरत नाही. मित्राचे मात्र आगाऊ भरलेले पैसे अडकले होते, कारण बहिष्कार ठरला तेव्हा माल जहाजावर चढलेला होता.

आता आकडे. २०२३-२४ मध्ये आपण तुर्कस्तानला साडेसहा अब्ज डॉलरहून जास्त माल विकला आणि त्यांच्याकडून चार अब्जांपेक्षा कमीचा घेतला. म्हणजे या व्यापारात फायद्याचं पारडं आपलं आहे. सगळंच तोडलं तर जास्त गिऱ्हाईक आपलं जाईल. २०२४ मध्ये तिथे गेलेले भारतीय पर्यटक सव्वातीन लाखांच्या आसपास, एकूण विदेशी पर्यटक पाच कोटींच्या वर. शंभरात एकसुद्धा नाही.

बहिष्काराने तुर्कस्तान वाकतच नाही, असं नाही. विमान पाडल्यावर रशियाने चार्टर विमानं थांबवली आणि तुर्की टोमॅटो बंद केले. सात महिन्यांत, जून २०१६ मध्ये, अर्दोआन यांचं दिलगिरीचं पत्र मॉस्कोला पोचलं. पण रशिया त्यांच्या टोमॅटोचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं आणि रशियन पर्यटक दरवर्षी काही लाख नाही, कित्येक दशलक्ष येतात. सफरचंद खाऊ नका, कप्पाडोकियाचे फुगे बघू नका, ज्याचा त्याचा प्रश्न. मीही सध्या जाणार नाही. फक्त ‘महिन्याभरात गुडघ्यावर’ हे लिहू नका.

राहिला चौथा मुद्दा, जन्मजात वैरी. हा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात आपणही काही केलं होतं हे पुसलं जातं. पाकिस्तान आणि तुर्कस्तान १९५५ मध्ये बगदाद करारात एकत्र आले, आपण अलिप्त राहिलो. १९६५ आणि १९७१ मध्ये ते पाकिस्तानच्या बाजूने होते, खरं आहे. पण आपण कुठे होतो? सायप्रसमध्ये, तिथले ग्रीक अध्यक्ष मकारिओस यांच्या पाठीशी. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती भारतीय, जनरल ग्यानी. दुसरे जनरल थिमय्या, जे डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच वारले. लार्नाका शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आणि १९७४ मध्ये तुर्की फौज निकोसियाच्या विमानतळापर्यंत आली, तेव्हा तो विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात घेऊन बसलेल्या सैन्याचे प्रमुख होते जनरल प्रेमचंद. अंकारातल्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर आपल्याबद्दलही असाच फॉरवर्ड लिहिता येईल.

त्या स्वारीचा हुकूम देणारा तुर्की पंतप्रधान कोण होता? ब्युलेंत एजेवित, ज्यांनी तरुणपणी टागोरांची गीतांजली तुर्कीत आणली होती. हेच एजेवित २००० मध्ये पंतप्रधान म्हणून दिल्लीला आले आणि काश्मीरचा प्रश्न भारत-पाकिस्तानने आपसात सोडवावा, या भूमिकेकडे सरकले. वैर जन्मजात असतं तर हे घडलं नसतं. अर्दोआन यांनी २०१९ पासून २०२३ पर्यंत दर वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत काश्मीरचं नाव घेतलं आणि २०२४ मध्ये घेतलं नाही. तेव्हा ब्रिक्समध्ये शिरायची खटपट चालू होती आणि त्या दारावर आपणही बसलेलो होतो. माझ्या मते दोन्हींचा संबंध आहे. २०२५ मध्ये काश्मीर भाषणात परत आलं.

दिल्लीत हे हिशोब कळणारी माणसं आहेत. आर्मेनियाला पिनाका रॉकेटं आणि आकाश क्षेपणास्त्रं उगाच विकली जात नाहीत. सोंगार ड्रोन पडल्यानंतर सव्वा महिन्यात, जून २०२५ मध्ये, पंतप्रधान मोदी सायप्रसला गेले आणि अध्यक्ष ख्रिस्तोदुलिदिस यांच्यासोबत निकोसियाच्या फाळणीरेषेजवळ उभे राहिले. तिथून उत्तरेला डोंगर दिसतो आणि त्याच्या उतारावर उत्तर सायप्रसचा, म्हणजे बेटाच्या तुर्क भागाचा, अवाढव्य झेंडा रंगवलेला आहे. तो देश मान्य करणारं जगात एकच राष्ट्र, तुर्कस्तान. १९८३ मध्ये सुरक्षा परिषदेने त्याच्या स्वातंत्र्यघोषणेच्या विरोधात ठराव केला, तेव्हा एकट्या पाकिस्तानने विरोधी मत टाकलं होतं. मान्यता मात्र त्यांनीही आजवर दिलेली नाही.